पाठमोरे उखर्डू नाना

लीलाधर भारंबे जळगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत गाठींवर मार्का मारायचा. काम सोपं होतं, म्हणून ते त्याला जमायचं. दाबलेल्या कापसाची गाठ तागाच्या बारदानात बांधून पुढ्यात येई. तिच्यावर अक्षरं कापलेला पत्रा धरायचा, काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा, पत्रा उचलायचा. फॅक्टरीचं नाव, साल, नंबर. पत्र्यात जे कापलेलं असेल तेच उमटणार. त्यात हाताचं मत कोणी विचारत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या मार्क्याविषयी मुंबईहून एकही तक्रार आली नव्हती, आणि या गोष्टीचं त्याला मनातून थोडं वाईट वाटे.

हाताला मत असतं हे त्याला सत्तेचाळीस साली कळलं. ऑगस्टात शेटजींनी फॅक्टरीच्या फाटकावर झेंडा रंगवायला सांगितला. मार्का मारणारा कुंचला धरतो, त्या अर्थी त्याला झेंडाही येत असणार, असं शेटजींचं अनुमान होतं. तिन्ही पट्टे निमूट उतरले. चक्राचे आरे मात्र चोवीस काढायचे होते, ते बावीस झाले. कोणी मोजले नाहीत. स्वातंत्र्य बावीस आऱ्यांवर ठरल्या दिवशी व्यवस्थित आलं. पण लीलाधर दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून पुन्हा वर चढला. मग ते सव्वीस झाले. तिसऱ्या दिवशी शेटजींनी शिडी आत ठेवायला लावली. तेव्हापासून त्याच्या हाताला जी खाज सुटली ती थांबली नाही.

छंद असलेला माणूस सुखी असतो, असं ज्यांना छंद नसतो ते लोक म्हणतात. लीलाधरला चित्र काढताना सुख झाल्याचं त्याच्या घरच्यांनी तरी पाहिलं नव्हतं. तो लग्नाच्या पंगतीत बसला की ताटातल्या वरणात बोटाने समोरच्या माणसाची हनुवटी काढी. देवळात गेला तर देवाकडे बघण्याऐवजी पुजाऱ्याच्या कानाकडे बघे. कोणी बोलत असेल तर त्याचं लक्ष बोलण्याकडे नसून बोलणाऱ्याच्या गालाची घडी कुठून निघून कुठे जाते याकडे असे, आणि बोलणाऱ्याला ते लवकरच कळे. त्यामुळे त्याच्याशी फार कोणी बोलत नसे.

कोळसा तो घरी करायचा. कापूस वेचून झाला की शेतात वाळक्या पऱ्हाट्या उरतात. त्यांतल्या सरळ काटक्या निवडून, तुपाच्या रिकाम्या डब्यात कोंबून, झाकण बंद करून तो डबा चुलीच्या जाळात ठेवी. कागद फॅक्टरीतला. कापसाचे नमुने ज्या जाड कागदात गुंडाळून पेढीकडे जात, त्याचे उरलेले तुकडे.

"आयकलं का," त्याची बायको कुंदाबाई चुलीपाशी बसून म्हणायची. नवऱ्याला हाक मारण्याची तिची हीच रीत होती. "गावातले लोक लाकूड जाळून भाकर करतात. आमच्या घरी भाकर बाजूला ठेवून लाकूड भाजतात."

"थोडाच वेळ आहे."

"थोडाच वेळ म्हणता म्हणता भाकरीचा कोळसा झाला. तो पण घ्या. जाड रेघेला होईल."

एवढी वर्षं काढून लीलाधरच्या हाती एक विचार लागला होता, आणि तो चमत्कारिक होता. बैलाकडे बघत असताना माणूस कागदाकडे बघत नसतो, आणि कागदाकडे बघतो तेव्हा बैल दिसत नसतो. म्हणजे समोर बैल उभा असला तरी चित्र निघतं ते मघाशी पाहिलेल्या बैलाचं. तोवर बैलाने मान फिरवलेली असते. सगळी चित्रं आठवणीतूनच निघतात; कुणाची आठवण क्षणापूर्वीची, कुणाची वर्षापूर्वीची, एवढाच फरक. हा विचार सुचल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट त्याला वाटलं की आपण जन्मभर एका गेलेल्या बैलामागे धावणार.

त्याची इच्छा म्हणाल तर एकच होती. आपण काढलेलं चित्र कोणी तरी बघावं आणि न सांगता, न विचारता, त्या माणसाचं नाव घ्यावं. 'अरे, हा तर अमुक!' बस. म्हणून त्याने नियम केला होता की चित्र दाखवायचं, पण कोणाचं आहे ते सांगायचं नाही. हा नियम त्याने आठ वर्षं पाळला, आणि आठ वर्षांत एकदाही कोणी नाव घेतलं नव्हतं.

वजनकाट्यावर गाठी चढवणारा पुना धुळ्याकडचा होता. दुपारच्या सुट्टीत चित्र बघण्याचा पहिला मान त्याचा.

"हाई काय शे, लीलाभाऊ?"

"तूच सांग."

"म्हैस शे."

लीलाधरने कागद आणखी जवळ धरला.

"मंग रेडा व्हई."

तो शेटजींच्या छकड्याचा पांढरा बैल होता. एकदा लीलाधरने चार दिवस लपून छपून पुनाचंच चित्र काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. पुनाने ते उलटसुलट करून पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "हाऊ कोन शे भो? चोर दिखस."

त्रेपन्न साली धुळ्याला भरलेल्या एका शेतकी आणि कला प्रदर्शनात त्याने तोच बैल पाठवला. तो दोन महिन्यांनी परत आला. मागे चिठ्ठी चिकटवलेली होती: 'विभाग - इतर प्राणी.' लीलाधरने ती चिठ्ठी काढली नाही. निदान प्राणी आहे यावर परीक्षकांचं एकमत झालेलं होतं.

छपन्न साल लागलं. थंडी होती, फॅक्टरीचा हंगाम भरात होता. अशा दिवसांत आरशा-फ्रेमांचं दुकान चालवणाऱ्या नूर महंमदने त्याला बोलावून घेतलं. देव, पुढारी आणि नवरा-नवरी यांना काचेआड बसवणं हा नूर महंमदचा धंदा. लीलाधरची चित्रं त्याने पाहिलेली होती आणि त्यांपैकी एकालाही फ्रेम सुचवलेली नव्हती, म्हणून लीलाधरचा त्याच्यावर विश्वास होता.

"लीलाभाऊ, एक आदमी का फोटो बनाना है," नूर महंमद म्हणाला. "आदमी गुजर गया. फोटो है नहीं."

"मग काय आहे?"

"कोपर है."

त्याने खरोखरच एक फोटो पुढे ठेवला. चार वर्षांपूर्वी एदलाबादेला मुक्ताईच्या यात्रेत काढलेला. पिंप्रीच्या उखर्डू नानांचं कुटुंब तंबूतल्या रंगवलेल्या महालापुढे उभं होतं: दोन मुलं, एक भाऊ, आणि उजव्या कडेला एक कोपर. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं त्याच घटकेला बाहेर बैल सुटला होता, आणि नाना तो धरायला निघाले होते. गेल्या फाल्गुनात नाना वारले. आता वर्षश्राद्धाला भिंतीवर हार घालायला तसबीर हवी होती. शेजारच्या गावात कोणाच्या तरी बापाची लागली होती.

"यहाँ से पकडो," नूर महंमद कोपरावर बोट ठेवून म्हणाला, "और ऊपर ऊपर जाते जाओ. आदमी मिल जायेगा."

लीलाधरने हो म्हटलं. दाम घेणार नाही हेही सांगितलं, कारण दाम घेतला की चित्र कोणाचं ते सांगावं लागतं. पाच गावं पायाखाली घातलेला म्हातारा, दोन मुलं, सुना, भाऊबंद, अख्खं गाव. यांतलं कोणी तरी चित्राकडे बघून 'नाना!' म्हणेलच. त्याला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी त्याच्या हाती सहा आठवडे होते.

पहिल्या रविवारी तो पॅसेंजरने भुसावळला, तिथून बसने एदलाबादच्या रस्त्याला आणि फाट्यापासून चालत केळीच्या बागांमधून पिंप्रीला पोचला. ओसरीत बाज टाकलेली होती. नानांचा थोरला मुलगा तोताराम समोर बसला, धाकटा पंडित खांबाला टेकला, आणि नानांचा पाठचा भाऊ झिपरू आबा मधोमध आला.

"नाक मह्यासारखं काढा," तोताराम म्हणाला. "बठ्ठं गाव सांगते."

"दादा, तुमचं नाक आईकडचं हाये," पंडित म्हणाला. तो गावच्या शाळेत शिकवत होता आणि त्याला चुका काढायची सवय होती. "नानाचं नाक सरळ होतं. असं." त्याने स्वतःचं नाक बाजूने दाखवलं.

"तुम्ही कालचे पोट्टे," झिपरू आबा म्हणाले. "मी अन् तो एका ताटात जेवलो. त्याचं नाक मह्यावानी होतं. मिशी बी."

"आबा, नानाले मिशी कुठी होती इतकी?"

"होती. तू पैदा व्हायच्या आधी."

लीलाधरने त्या दिवशी तीन चेहरे काढले. तोतारामने स्वतःसारखा असलेला पाहून मान हलवली, पंडितने स्वतःसारखा पाहून, आबांनी स्वतःसारखा. तिघांना आपापलं चित्र पसंत होतं आणि दुसऱ्यांची दोन चूक होती. प्रत्येक चित्र आत माजघराच्या दाराशी नेऊन नानांच्या बायकोला, शेवंताबाईंना, दाखवलं गेलं. आतून पदराआडून एकच उत्तर तीनदा आलं.

"असन."

असेल. लीलाधरला हे 'असन' परतीच्या वाटेभर टोचत राहिलं. त्यापेक्षा म्हैस बरी होती.

दुसऱ्या रविवारी त्याने तोडगा काढला. तोतारामचं नाक, पंडितचे डोळे, आबांची मिशी, आणि तिघांत भांडण नसलेला फेटा. तेव्हा मुलखात सहकाराचं वारं होतं. हा चेहराही सहकारी तत्त्वावर उभा राहिला. प्रत्येकाचा त्यात भाग होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपला जास्त आहे. तिघेही खूश झाले. मात्र 'नाना!' असं कोणीच म्हणालं नाही. "जमलं," तोताराम म्हणाला. "आता कोट चढवा."

"नाना कोट घालायचे?"

"नही. पण फोटोत पाह्यजे."

काम संपल्यासारखं होतं. तरीही लीलाधर तिसऱ्या रविवारी गेला. कोटाची गुंडी कोणत्या बाजूला हवी ते विचारायला आलो, असं त्याने सांगितलं. तोताराम बागेत होता, पंडित कुठे लग्नाला गेलेला. सुना पाण्यावर. शेवंताबाई मागच्या अंगणात सुपात उडीद पाखडत होत्या. परका माणूस पाहून त्यांनी पदर आणखी पुढे ओढला. नाकाचं टोकही दिसेना. सूप मात्र थांबलं नाही.

लीलाधर जरा अंतर राखून ओट्यावर बसला.

"अक्का, नाना दिसायला कसे होते हो?"

"पोरांनी सांगतलं ना."

"पोरांनी आपापली तोंडं सांगितली."

पदर हलला. आत हसू आलं असावं.

"मंग मी काय सांगू भाऊ? मले काय मालूम तोंड?"

"चाळीस वर्षं संसार केला ना तुम्ही?"

"केला ना. तोंड पाहून केला का?"

उडदाची फोलपटं वाऱ्याने त्याच्या दिशेने आली. शेवंताबाई आपल्या उडदाशी बोलल्यासारख्या बोलत राहिल्या.

"सासू होती तवा दिवसाउजेडी त्याहीच्या समोर उभं राह्याची सोय नव्हती. सासू गेली, तं मह्या सुना आल्या. सुनांच्या देखत म्हतारी नवऱ्याचं तोंड पाहत बसली, तं गाव काय म्हनीन? जेवाले वाढलं, तं नजर ताटात. शेतात जायचं, तं ते पुढं अन् मी दहा पावलं मांगं. हेच चाळीस वर्ष."

"आजारपणात तरी?"

"तवा पाह्यलं. पंधरा दिवस. पन बठ्ठं सुजेल होतं. ते तोंड त्याहीचं नव्हतंच." सूप थांबलं. "परक्या मानसाचं करते असं वाटे मले."

आपण आठ वर्षं माणसांच्या तोंडामागे लागलो, आणि इथे एक बाई त्याच्यावाचून आयुष्य काढून बसली आहे, हे लीलाधरच्या डोक्यात नीट बसायला वेळ लागला. मग त्याने जो प्रश्न विचारला तो त्याला पहिल्याच रविवारी सुचायला हवा होता.

"मग अक्का, तुम्ही त्यांना ओळखायच्या कशावरून?"

"पाठीवरनं," शेवंताबाई लगेच म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "एदलाबादच्या यात्रेत हजार मानूस चालला तरी मी सांगीन."

आणि त्यांनी सांगितलं. केळीचे घड वाहून वाहून उजवा खांदा खाली आलेला. डोकं पुढे नाही, किंचित डावीकडे, कायम कोणी तरी तिकडून हाक मारील असं. डाव्या कानाची पाळी लांब. फेट्याचा सोगा सकाळी जाताना पाठीच्या मध्यावर, संध्याकाळी येताना खांद्यावर. उजवा पाय बाहेर फेकायचा. टाचेला तीन भेगा, त्यांतली मधली खोल. उन्हाळ्यात तिच्यात माती जाऊन काळी रेघ दिसायची. लीलाधर लिहून घेत नव्हता, काढतही नव्हता. पहिल्यांदाच तो नुसता ऐकत होता.

"अन् बांधावर बोरी होत्या," शेवंताबाई म्हणाल्या. "चालता चालता ते बोरं तोडायचे. मंग हात मांगं करायचे. असा." त्यांनी सूप मांडीवर ठेवून हात पाठीमागे नेला, तळवा वर. "मांगं पाहायचे नही. बोलायचे बी नही. मी पुढं होऊन उचलून घ्यायची. कवा दोन, कवा चार."

"कोणी पाहिलं नाही?"

"पाह्यलं असतं तं काय? मानसाचा हात मांगं गेला, एवढंच."

येणाऱ्या सुनांच्या हंड्यांचा आवाज आला तसं त्यांनी सूप उचललं आणि बोलणं संपलं.

तो आठवडा लीलाधरचा फार वाईट गेला. पाठ काढणं सोपं असेल असं त्याला वाटलं होतं. नाक नाही, डोळे नाहीत. पण चेहऱ्यावर निदान धरायला काही असतं. पाठ म्हणजे फेटा आणि धोतराच्या मध्ये पसरलेली भली मोठी पडीक जमीन. रेघ कुठून सुरू करावी कळेना. तो पुनाच्या मागे मागे दहा पावलांवर चालू लागला. पुना गाठ ढकलत वळला की लीलाधर वळे.

"लीलाभाऊ, मना मांगे काबर फिरी राहिनात?"

"चाल तू. उजवा खांदा खाली घे."

"बठ्ठा खांदा दुखी राहिनात मना. कोनता खाले लेऊ?"

घरी त्याने कुंदाबाईला विचारलं, "माझी पाठ कशी आहे?"

"मळकी," ती म्हणाली, पण भाकरी थापता थापता पुढे बोलली. "डावा पाय दाबून टाकता. चप्पल तिकडूनच झिजते. मान खाली घालून चालता, अन् कोपऱ्यावर वळताना कधी मागे बघत नाही." तिने भाकर तव्यावर टाकली. "का हो?"

"काही नाही," लीलाधर म्हणाला. त्याला हिची पाठ कशी आहे हे आठवायचा प्रयत्न करावा लागला, आणि ती समोर बसली होती.

त्या आठवड्यात दोन गाठींवर एकच नंबर पडला. मुंबईहून तक्रार आली, कारकीर्दीतली पहिली. शेटजींनी बोलावून विचारलं तेव्हा लीलाधर त्यांच्या खांद्यांकडे बघत होता.

सात कागद फाडले. आठव्यावर त्याने पहिल्यांदा हात काढला, पाठीमागे आलेला, तळवा वर. आणि त्या हातावरून मागे मागे जात माणूस शोधला. खांदा आपोआप खाली आला. डोकं डावीकडे गेलं. केळीची पानं त्याने दोन रेघांत संपवली, बांध एका. टाचेवर मात्र पूर्ण दुपार गेली. चित्र झालं तेव्हा त्याला ते आवडलं नाही, पण फाडावंसंही वाटलं नाही, आणि असं आधी कधी झालं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी रजा घेऊन तो पिंप्रीला गेला. एका हातात नूर महंमदने काच घालून दिलेली कोटवाली तसबीर, दुसऱ्या हातात सुरळी. तसबिरीचं स्वागत झालं. तोतारामने खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता. नाना भिंतीवर चढले: तोतारामचं नाक, पंडितचे डोळे, आबांची मिशी, कोणाचाच नसलेला कोट. बघायला आलेली माणसं म्हणाली, "झकास." एक जण म्हणाला, "मामलेदारच दिसतात." आनंदाने पोट भरल्यासारखे ते तिघे खाली उभे राहिले.

"अन् ते काय हाये?" पंडितने सुरळीकडे बोट दाखवलं.

लीलाधरने सुरळी उलगडली. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून ती कुठे ठेवता येईना, तेव्हा त्याने वरच्या कडेला दोरा ओवून ती माजघराच्या दारासमोरच्या खांबावरल्या खुंटीला अडकवली. नियमाप्रमाणे काहीच न बोलता बाजूला झाला.

तिघे जवळ आले.

"मानूस हाये," झिपरू आबा अखेर म्हणाले.

"पाठमोरा," पंडित म्हणाला.

"कोनाचा हो?" तोतारामने विचारलं. "आपला गडी वाटते. खालच्या बागेतला."

"नाना तर नाहीत?" कोणी तरी मागून म्हणालं.

"नाना कसे?" तोताराम जरा रागावला. "पाठीले हार कुठी घालायचा? उद्या बठ्ठे भाऊबंद येनार. म्हनतील, नाना आमच्याकडे पाठ करून बसले. भारंबेभाऊ, ते काढा तठून. धुळीनं खराब होईन."

पंडितला त्या हातात चूक सापडली. "चालताना हात असा मांगं राहत नही. बाजूले राह्यते."

"आमच्या इसनबुवाचा राह्यचा," आबा म्हणाले, "तो तंबाखू लपवायचा," आणि मग तिघांची इसनबुवांवर चर्चा सुरू झाली.

तेवढ्यात शेवंताबाई पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन माजघरातून बाहेर आल्या. दारातून पाऊल टाकलं आणि चित्र अगदी समोर, हातभर अंतरावर आलं.

त्या थांबल्या. तांब्यातलं पाणी हललं आणि स्थिर झालं. मग त्यांचा मोकळा हात वर गेला आणि पदर कपाळावरून आणखी चार बोटं पुढे आला. एक पाऊल मागे आणि एक बाजूला सरून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, नजर खाली. वाट मोकळी करून दिल्यासारख्या. पुढच्याला जाऊ द्यायचं आणि मग दहा पावलांवरून निघायचं, तशा.

हे फक्त लीलाधरने पाहिलं. मुलं इसनबुवांपाशीच होती.

तो वाट बघत राहिला. आता नाव येईल. आठ वर्षांत जे कोणी म्हणालं नव्हतं ते आता एक माणूस म्हणेल. शेवंताबाईंचे ओठ पदराआड होते. ते हलले की नाही ते दिसलं नाही. आवाज आला नाही. आणि मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. साऱ्या खानदेशात ज्या एका माणसाने त्याचं चित्र ओळखलं होतं, त्या माणसाने चाळीस वर्षांत ते नाव तोंडातून काढलेलं नव्हतं आणि आता काढणारही नव्हतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. कुंदाबाईने तरी कुठे घेतलं होतं?

हे कोणाला सांगून पटणार नव्हतं. 'ओळखलं का कोणी?' असं पुनाने विचारलं असतं तर 'बाईने पदर घेतला' असं सांगावं लागलं असतं, आणि बायका पदर घेतातच.

तोतारामने खुंटीवरचा दोरा काढला. लीलाधरने घाईने पुढे होऊन कागद त्याच्या हातून घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःचं एक चित्र स्वतःसाठी हवं होतं. सुरळी करायला त्याने एक कड दुमडली.

"पंडित," शेवंताबाई भिंतीकडूनच म्हणाल्या.

"काय, माय?"

"भाऊले सांग, ते अठी राहू द्या म्हना."

"माय, ते कामाचं नही. नाना तं तठी लागले ना. कोटातले."

"ते तुमचे. मी कुठी नको म्हनते?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. "हे मागच्या दाराशी लाव. बागेकडच्या."

पंडितने लीलाधरकडे पाहिलं. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो वर्गाकडे बघतो तसं. लीलाधरच्या बोटांनी कड पकडून ठेवली होती. नाही म्हणायला त्याच्यापाशी कारण होतं. चित्र त्याचं होतं, त्याने दाम घेतला नव्हता, आणि पुन्हा असं निघेल याची त्याला खात्री नव्हती. निघणार नाही याची होती. त्याने कड सोडली.

"काच लावून घ्या," तो म्हणाला. "कोळसा आहे. हात लागला तर जाईल."

"हात कोन लावते?" शेवंताबाई म्हणाल्या.

जेवून जा म्हणून तोतारामने आग्रह केला, पण लीलाधर थांबला नाही. फाट्यावर त्याला एदलाबादेकडून येणारी बस मिळाली. खिडकीशी बसून त्याने खिशातून कागद काढला आणि ती पाठ पुन्हा काढायला घेतली. हात तोच, खांदा तोच, टाच पण आठवत होती. पण कागदावर आला तो कोणी तरी शेतकरी. त्याने तो कागद दुमडून बसच्या सीटमागे टाकला.

मग त्याने शेवंताबाईंना काढायला घेतलं. भिंतीशी सरलेल्या, तांब्या धरलेल्या. पदराची कड उतरली, मनगट उतरलं, लुगड्याच्या निऱ्या उतरल्या. आणि तिथे तो अडकला. तो चारदा त्या घरी गेला होता, एकदा चांगला घटकाभर त्यांच्यापासून पाच हातांवर बसला होता, आणि त्यांचं नाक कसं आहे हे कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

वरणगावला बस थांबली तेव्हा कागदावर एक पदर होता आणि त्याच्या आत काही नव्हतं. लोक चहाला उतरले. लीलाधरही उतरला, चहाच्या दुकानापर्यंत गेला, चहा न सांगताच परत आला, आणि सीटवर बसून कागदाची दुसरी बाजू पुढे घेऊन, चुलीपुढची कुंदाबाई पाठीमागून कशी दिसते ते आठवू लागला.